सात उजवा

फोन सकाळी साडेनवाला आला. विद्युत निरीक्षक बाई तेव्हा टेबलावरच्या फायली लावत होत्या.

"मॅडम, डेटा सेंटरच्या अपघाताची चौकशी तुमच्याकडेच आहे ना? माझ्या भावाला मी मारलं. तसं लिहा आणि मिटवून टाका."

"कोण बोलतंय?"

"तिथला मुख्य इलेक्ट्रिशियन. परवा गेला तो माझा धाकटा भाऊ."

आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता. उद्यापासून दूध नको म्हणून दूधवाल्याला सांगावं, तसा माणूस बोलत होता.

बाईंनी सत्तावीस वर्षांत विजेनं गेलेली एकशे बारा माणसं कागदावर उतरवली होती. सुरुवातीला अशा दिवशी त्यांना घास गिळवत नसे. हल्ली गिळवायचा. आपण निबर झालो आहोत हे त्यांना कळत होतं, आणि आता त्याचंही फारसं काही वाटत नव्हतं.

"मिटवायचं की नाही ते मी बघेन," त्या म्हणाल्या. "तासाभरात पोचते. तिथंच थांबा."

"कुठं जाणार, मॅडम?" तो म्हणाला आणि फोन बंद करायचं विसरला. बराच वेळ पलीकडून पंख्यांची घरघर ऐकू येत राहिली.

डेटा सेंटर म्हणजे बिनखिडक्यांची एक भलीमोठी इमारत. आत उंच लोखंडी कपाटांच्या रांगा, कपाटांत अहोरात्र चालणारे सर्व्हर. रांगेच्या पुढून गार वारा आत शिरायचा आणि मागून गरम होऊन बाहेर पडायचा. पुढे उभं राहिलं की स्वेटर हवा, मागे गेलं की घाम. यंत्रांची बडदास्त चोख होती. सर्दी व्हायची ती माणसांना.

त्या माणसाला तिथं सगळे दादा म्हणत. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, पॅनेल रूममध्ये रिकाम्या केबलच्या रिळावर बसलेला. बाई आल्या तरी उठायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

"पहिल्यापासून सांगा."

"सातव्या रांगेच्या डोक्यावर एक पेटी आहे. तिच्यातून त्या रांगेतल्या कपाटांना वीज जाते. पेटीतले जोड तापायला लागले होते, ते बदलायचे होते. कामाची परवानगी दहा ते दोन. दहाला रांगेतले सर्व्हर बंद झाले आणि मी रांगेचे दोन्ही स्विच पाडले."

"दोन्ही?"

"प्रत्येक रांगेला वीज दोन बाजूंनी येते. सात डावा, सात उजवा. एक गेला तर दुसरा सांभाळतो. दोन्ही पाडले, दोन्हींना कुलपं घातली, किल्ल्या भावाकडे दिल्या. जो पेटीत हात घालणार, किल्ल्या त्याच्या खिशात. ही इथली रीत."

"मग?"

"अकरापर्यंत त्यानं पेटीची डावी बाजू उरकली. मग आम्ही दोघं चहाला गेलो. साडेअकराला परत येऊन त्यानं उजवीकडे हात घातला." दादा थांबला. "मी धावलो, लाकडी स्टुलानं त्याला ढकललं. सोबत दवाखान्यात गेलो. तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं."

"उजवीकडे वीज कशी आली?"

दादानं नोंदवही पुढे केली. त्या दिवशीची पावणेएकची नोंद होती: कुलपं काढली, एक सात डाव्यावर, दुसरं आठ उजव्यावर आढळलं. खाली भार व्यवस्थापकाची सही.

"म्हणजे तुम्ही सात उजव्याऐवजी आठ उजवा पाडलात?"

"तसंच झालं असणार. स्विच एकमेकांना खेटून आहेत."

"तुम्हाला स्वतःला आठवतं का?"

"तीन दिवस तेच आठवतोय, मॅडम. कधी माझा हात सातवर दिसतो, कधी आठवर. पण साहेबांनी डोळ्यांनी बघितलं. ते कशाला खोटं लिहितील?"

"भावानं टेस्टर लावून बघितलं नाही?"

"बघितलं असतं तर आज इथं असता."

"घरी कोण असतं?"

"मी आणि भावजय. तिलाही सांगितलं, की माझ्याच हातून झालं. तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही माझ्याशी. बरोबरच आहे तिचं."

हे सांगतानाही त्याचा चेहरा मख्ख होता. दुःख आत कुठंतरी अडकून पडलं होतं आणि नुसता आवाज बाहेर येत होता. बाईंना ते ओळखीचं होतं.

भार व्यवस्थापकाला लोक मागून 'टक्केसाहेब' म्हणत. कोणत्या रांगेनं किती वीज घ्यायची, एकूण भार मर्यादेत कसा ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे बोलणंही टक्क्यांतच. तब्येत विचारली तरी "ऐंशी टक्के" म्हणायचे. माणूस गोड होता. त्यांनी स्वतः बाईंसाठी खुर्ची ओढली.

"दादावर फार कडक होऊ नका, मॅडम. अहो, नव्वद टक्के अपघात असेच होतात. माणूस आहे, हात चुकतो."

"त्या दिवसाचा आलेख दाखवा."

पडद्यावर रेघा उमटल्या. सातवी रांग सकाळी तेवीस टक्क्यांवर होती, दहा वाजून दोन मिनिटांनी शून्यावर आली आणि दिवसभर शून्यच राहिली. आठवी रांग चाळीसवर सरळ चालली होती. अकरा वाजून आठ मिनिटांनी ती त्रेसष्टवर चढली आणि बारा एक्केचाळीसला पुन्हा चाळीसवर आली.

"आठवी मध्येच का चढली?"

"सातचं काम तिच्यावर सरकलं ना. सर्व्हर आपसांत कामं वाटून घेतात."

"डावी-उजवीचे आकडे वेगळे मिळतील?"

"नाही. रांगेला एकच मीटर आहे, दोन्ही बाजूंची बेरीज दाखवतो. पॅनेल रूममध्येच आहे. स्विचमधून जे रांगेकडे जाईल, ते सगळं मीटरमधूनच जातं. शंभर टक्के."

"सातव्या रांगेतले सर्व्हर कोणाचे?"

"एका मोठ्या ग्राहकाचे. फार काटेकोर लोक. त्यांना शब्द दिला की पाळावाच लागतो."

"अपघाताच्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"इथंच. सकाळी बसलो तो आरडाओरडा ऐकूनच उठलो."

"आणि कुलपं तुम्ही का काढलीत?"

"काढायला नकोत? आठचा उजवा बंद म्हणजे ती रांग एका पायावर उभी. ऑफिसातल्या जादा किल्ल्यांनी काढली. दादा तर दवाखान्यात होता."

उत्तरं तयार होती, एकही अडखळलं नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

सातव्या रांगेशी साफसफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या. बाईंना बघून त्यांनी फडकं बादलीत टाकलं.

"तुम्ही त्या चौकशीच्या बाई ना? फार सरळ होता हो धाकटा. मला 'मावशी, पाय सांभाळा' म्हणायचा. आणि त्याच दिवशी मला ठेच लागली बघा. ही इथली फरशी वर आली होती. सगळ्या सुट्या आहेत ना, खालनं वायरी जातात."

"कधी लागली ठेच?"

"अॅम्बुलन्स गेल्यावर. सव्वाबारा झाले असतील. मला म्हणाले, जरा आवरून घ्या. रांगेमागं त्या दोघांचे डबे होते. उचलायला गेले तर चटकाच बसला. गरमागरम डबा तसाच राहिला हो पोराचा." मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "आवाजानं तर मला बाई काही सुचेना. कपाटांच्या मागं उभं राहिलं की डोकं भणभणतं."

बाईंनी मान डोलावली. असलं बोलणं त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं. प्रत्येक अपघातात एक डबा असतोच. कधी चप्पल असते, कधी चष्मा.

दादाचं घर दोन खोल्यांचं होतं. मृताच्या खिशातल्या वस्तू पोलिसांनी परत केल्या होत्या. त्या बघायच्या म्हणून बाई गेल्या. भावजयीनं पिशवी टेबलावर रिकामी केली. दोन किल्ल्या, रुमाल, पिवळ्या मुठीचा टेस्टर.

"टेस्टर खिशातच होता तर," बाई म्हणाल्या.

"खिशातच असायचा. दुसरीकडे काम असलं की दहा वेळा लावायचे. भाऊजींनी स्वतः कुलूप घातलं असलं की मात्र नाही लावायचे. म्हणायचे, दादाच्या कुलपावर टेस्टर लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर तू खोटा म्हणण्यासारखं आहे." ती किल्ल्यांकडे बघत राहिली. "अठरा वर्षं असंच. आणि भाऊजी म्हणतात, हात चुकला."

"तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

"काय बोलू? रागावले असते तर बोलले असते. मला काहीच होत नाहीये. ते समोर बसतात आणि मी भिंत बघते."

ओट्यावर दोन स्टीलचे डबे धुऊन पालथे घातले होते. बाईंची नजर तिथं गेली.

"मावशींनी आणून दिले," ती म्हणाली. "रोज दोन भरायचे. नऊला पोचले की आमचे हे दोन्ही डबे सातव्या रांगेमागे ठेवायचे. जेवायच्या वेळेपर्यंत आयते गरम."

"त्या दिवशीही नऊलाच ठेवले?"

"मला फोन केला होता त्यांनी. म्हणाले, सवयीनं ठेवले खरे, पण आज रांग बंद आहे, आज गारच जेवायचं."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी एक डबा उचलला, हातात तोलून बघितला आणि विचारलं, "हा मी उद्यापर्यंत नेऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी जे केलं, ते बघून पहारेकऱ्याला त्यांच्या डोक्याविषयी शंका आली. त्यांनी डब्यात पाणी भरून तो आठव्या रांगेमागे ठेवला आणि तासाभरानं उचलला. चांगलाच चटका बसला. मग तोच गरम डबा त्यांनी बंद पडलेल्या पाचव्या रांगेमागे ठेवला आणि दोन तास शांत बसून राहिल्या. तेवढ्या वेळात दारावरच्या कार्डांची नोंद मागवली आणि सातव्या रांगेच्या ग्राहकाला फोन लावला.

"त्या दिवशी तुमचे सर्व्हर किती वेळ बंद होते?"

"एक तास सहा मिनिटं," पलीकडचा माणूस म्हणाला. "एका तासाचं बोलणं झालं होतं. बाराच्या पुढे अपघातामुळे पुन्हा बंद करावे लागले, ते आम्ही समजू शकतो. पण आधीचा शब्द त्यांनी पाळला."

"शब्द कोणी दिला होता?"

त्यानं सांगितलं. बाईंनी आभार मानले आणि पाचव्या रांगेमागचा डबा उचलला. डबा गार पडला होता. मग त्यांनी मावशींना हाक मारली आणि ठेच लागली ती फरशी दाखवायला सांगितली.

तीन वाजता बैठकीच्या खोलीत चौघं होते. केंद्रप्रमुख, टक्केसाहेब, दादा आणि बाई. टेबलावर रिकामा डबा होता. दादा त्याच्याकडे एकटक बघत होता.

"नोंदवही म्हणते, दादांनी सातचा उजवा चालू ठेवला," बाईंनी सुरुवात केली. "सर्व्हर बंद, म्हणून मीटर शून्य. पण उजव्या बाजूला वीज हजर. तिथं हात लागला आणि माणूस गेला. गोष्ट पटण्यासारखी आहे. दादांनाही पटली."

"दुर्दैव," टक्केसाहेब म्हणाले.

"सातव्या रांगेचे सर्व्हर दहा वाजल्यापासून बंद होते ना?"

"शंभर टक्के."

"मग सव्वाबाराला हा डबा गरम कसा?"

बाईंनी डबा टेबलाच्या मधोमध सरकवला.

"डबा नऊला ठेवला. दहाला रांग बंद झाली. सव्वाबाराला मावशींना चटका बसला. मी आज करून बघितलं. बंद रांगेमागे दोन तासांत डबा गार पडतो. मावशी आणखी एक गोष्ट म्हणाल्या, तिथल्या आवाजानं डोकं भणभणत होतं. बंद कपाटं आवाज करत नाहीत. पुढून मात्र शेजारच्या रांगांच्या घरघरीत तो वेगळा कळत नाही, म्हणून या दोघांच्या लक्षात आलं नाही. म्हणजे तेव्हा सातव्या रांगेतले सर्व्हर चालू होते."

"मावशींचं काय ऐकता, मॅडम?" टक्केसाहेब हसले.

"त्यांचं नको, तुमच्या मीटरचं ऐकू. सर्व्हर चालू होते आणि सातचा मीटर शून्य होता. स्विचमधून जाईल ते सगळं मीटरमधून जातं, हे तुम्हीच सांगितलंत. सातचा उजवा चालू राहिला असता, तर सर्व्हरनी घेतलेली वीज मीटरवर दिसली असती. ती दिसली नाही. याचा अर्थ एकच. सातचे दोन्ही स्विच पडलेले होते." बाई दादाकडे वळल्या. "तुमची दोन्ही कुलपं जागेवर होती."

दादानं मान वर केली. त्याला ऐकू आलं होतं, पण आत पोचायला वेळ लागत होता.

"मग वीज कुठून आली?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"शेजारून. सातवी रांग एरवी तेवीस टक्के घेते. आठवी चाळीसवरून त्रेसष्टवर गेली, म्हणजे तेवीसनंच. साहेब म्हणतात, काम सरकलं. काम दहा वाजता सरकायला हवं, सर्व्हर बंद झाले तेव्हा. ही वाढ अकरा वाजून आठ मिनिटांची आहे. इलेक्ट्रिशियन चहाला गेले होते. अकरा वाजून चार मिनिटांनी दालनाच्या दारावर एक कार्ड लागलं."

बाईंनी नोंदीचा कागद टक्केसाहेबांपुढे सरकवला.

"तुम्ही तर खुर्चीतून उठला नव्हतात."

टक्केसाहेबांनी कागद बघितला नाही. ते टेबलाची कड बघत होते.

"आठव्या रांगेतून एक केबल फरशीखालून सातच्या कपाटांना जोडली गेली. उचललेली फरशी घाईत नीट बसली नाही, तिचीच मावशींना ठेच लागली. केबल अजून तिथंच आहे, दोन्ही टोकं काढून आत ढकललेली. पेटीकडे जाणारी वाट आधी तोडायला हवी होती, ती तुटली नाही. मग वीज कपाटांतून उलटी वर चढली आणि पेटीच्या उजव्या बाजूला येऊन बसली. वरून दादांनी कुलूप घातलं होतं. खालून तुम्ही दार उघडलंत."

"पण कशासाठी?" केंद्रप्रमुख म्हणाले.

"ग्राहकाला यांनी सांगितलं होतं एक तास. इलेक्ट्रिशियनना परवानगी दिली चार तासांची. दोघांनाही हो म्हणून टाकलं. दोन्ही डगरींवर हात ठेवला आणि मधल्या मध्ये एक माणूस गेला. बारा एक्केचाळीसला केबल काढली, पावणेएकला नोंदवहीत खोटं लिहिलं."

टक्केसाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. "सकाळपासून त्यांचे फोन चालू होते. मला वाटलं होतं, पेटीकडची वाट तोडणारे कपाटांतले सगळे छोटे स्विच मी पाडलेत. एक राहिला असेल. तीन तासांचा तर प्रश्न होता. कुणाला काही झालं नसतं."

"आणि नंतर?" बाईंनी विचारलं. "ते कुलूप आठवर होतं म्हणून लिहिलंत, ते का?"

"दादा स्वतःच म्हणत होता, माझ्या हातून झालं. दवाखान्यातून फोनवर तेच म्हणत होता." त्यांनी घाम पुसला. "मी नुसतं... त्याच्या म्हणण्याला धरून लिहिलं."

दादा उठला. तो टक्केसाहेबांच्या अंगावर जाईल असं सगळ्यांना वाटलं. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, चार दिवस मी माझा हात तोडून टाकायचा विचार करत होतो." एवढंच बोलून तो दाराबाहेर गेला. केंद्रप्रमुखांनी पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी बाई स्वतः दादाला घेऊन त्याच्या घरी गेल्या. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. डबा परत करायचा आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

भावजयीनं सगळं उभ्यानंच ऐकलं. मग तिनं पहिल्यांदा दिराकडे बघितलं.

"म्हणजे भाऊजींचं कुलूप बरोबर होतं?"

"सात डावा, सात उजवा. दोन्ही," बाई म्हणाल्या.

"मग ते बरोबरच म्हणायचे."

"बरोबर कसलं!" दादा ओरडला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला. "चहानंतर एकदा लावला असता टेस्टर तर वाचला असता गं! माझं कुलूप म्हणून लावला नाही त्यानं. मी खोटा नव्हतो, तरी मेला!" तो खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून हुंदके देऊ लागला. मोठा माणूस लहान मुलासारखा रडत होता. बाईंना वाटलं, आपण निघावं, पण पाय हलेनात.

भावजय ओट्याकडे गेली. मग तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"उद्या कामावर जाणार?"

"जावं लागेल. उजवीकडचे जोड राहिलेत," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला नाही घालू देणार मी त्या पेटीत हात."

तिनं ओट्यावरचा डबा सरळ केला. बाईंनी आणलेला दुसरा त्याच्या शेजारी ठेवला, क्षणभर दोन्हींकडे बघितलं आणि त्यातला एक फडताळात वर ठेवून दिला. मग टेबलावरचा पिवळ्या मुठीचा टेस्टर उचलून तिनं डब्याच्या पिशवीत टाकला.

"हा लावायचा," ती म्हणाली. "कुलूप तुमचं स्वतःचं असलं तरी."